पेटीवाल्याचा डावा हात आणि पियानोचा विझणारा सूर

अमळनेरच्या एका पोराने विचारलंय, पेटीवर मध्यमा परीक्षा पूर्ण केलेली आहे, घरी ऑर्केस्ट्रात चालतो तसला ६१ कीचा कीबोर्ड आहे, आणि त्याला ते एकट्याने वाजवलेलं शांत पियानो जॅझ असतं ना, ज्यात मधेच आर्मेनियन नाहीतर आफ्रिकन चाल येते आणि मागं काहीतरी इलेक्ट्रॉनिक घुमत असतं, ते करायचंय. त्यात आपलं खान्देशी काहीतरी घालायचंय. तर टोन कुठले घेऊ, प्लगइन कुठले, पियानो घ्यावाच लागेल का, आणि शेवटी मॉनिटर स्पीकर घेऊ की हेडफोन.

भाऊ, टोनपासून सुरुवात केलीस तिथंच गाडी भलत्या रुळावर गेली. अर्थात तुझा दोष नाही, आपल्याकडं कीबोर्ड म्हणजे टोन हेच डोक्यात बसलंय. मी पण लग्नाच्या बँडमधे, ऑर्केस्ट्रात वर्षानुवर्षं कीबोर्ड वाजवलाय, तिथं गाडीवर उभं राहून एका हाताने शहनाईचा टोन, दुसऱ्याने ब्रासचा स्टॅब, शेजारी ऑक्टोपॅड धडधडतोय, बेंजो किंचाळतोय, त्या कामात टोन हेच भांडवल असतं आणि तिथं ते बरोबरच आहे. पण तू जे विचारतोयस त्यात मामला उलटा आहे. तिथं मुळात एकच टोन आहे, पियानोचा, आणि सगळा खेळ आहे तो सूर वाजल्यानंतर काय होतं याचा.

पेटीवर बघ, की दाबली की भाता आहे तोवर सूर जिवंत. मधेच भात्याला जोर दिला की तो फुगतो, सोडला की बसतो. म्हणजे सूर सुरू झाल्यावर पण तुझ्या हातात आहे. पियानोत हातोडी तारेला लागते आणि लगेच मागं येते, त्या क्षणानंतर तुझ्या हातात त्या सुराचं काही उरत नाही, तो फक्त विझत जातो. खर्जाचे सूर लांब रेंगाळतात, वरचे पटकन मरतात, अगदी वरच्या दीडेक सप्तकाला तर सूर थांबवणारा डॅम्परच नसतो, गरजच नाही, ते तसेही टिकत नाहीत. मींड नाही, फुगवटा नाही. आता एवढी अडचण असलेल्या वाद्यावर ध्यान लागल्यासारखं संथ संगीत कसं वाजवायचं? या अडचणीवर लोकांनी जी उत्तरं शोधली त्यालाच तू ही शैली म्हणतोयस. डाव्या हाताची फिरती आकृती हे एक उत्तर, सूर धरून ठेवणारं पेडल हे दुसरं, तंबोऱ्यासारखा आधारस्वर हे तिसरं, आणि डिले-रिव्हर्ब, म्हणजे यंत्राने दिलेला पडसाद आणि घुमारा, हे चौथं. इलेक्ट्रॉनिक्स वरून शिंपडायची कोथिंबीर नाहीये, ते त्याच प्रश्नाचं एक उत्तर आहे, एवढं डोक्यात बसलं की अर्धे चुकीचे निर्णय आपोआप टळतात.

म्हणून पहिला रियाज हा कर. मधल्या सप्तकातला एक सूर वाजव, जरा दमदार. बोट उचलू नको. तो विझताना ऐक, खरंच ऐक, आणि तो जेवढा बारीक झालाय त्याच बारीकपणाने पुढचा सूर वाजव, म्हणजे नवीन सुराला धक्का नाही, आधीच्याच शेपटातून तो निघाला असं वाटलं पाहिजे. मग तिसरा. चार-पाच सुरांची ओळ अशी वाजवून बघ, तुझ्या लक्षात येईल की आपोआप लय संथ होते आणि बोटांना वजन मोजायची सवय लागते. पेटीवाल्याला हे फार जड जातं कारण पेटीवर की हळू दाबली काय नि जोरात दाबली काय, आवाज भात्याचाच. पियानोवर किती वेगाने की खाली गेली यावरच सगळं. हा रियाज ६१ कीच्या हलक्या कीबोर्डवर होत नाही हे आधीच सांगून ठेवतो, त्याच्या कींना वजनच नसतं.

आता डावा हात. पेटीवाल्यांचा डावा हात जन्मभर भात्यावर, म्हणजे तुझा उजवा विशारदच्या वाटेवर आणि डावा बालवाडीत. आणि या संगीतात डावा हाच मालक. जॅझ पियानिस्ट बिल इव्हान्सचं 'पीस पीस' ऐक, १९५८ चं रेकॉर्डिंग आहे. सहा-साडेसहा मिनिटं डावा हात फक्त दोन कॉर्डवर झुलतो, सी मेजर सेव्हन आणि मग जी वरचा सस्पेंडेड, परत सी, परत जी, बास. बदलत नाही म्हणजे नाही. उजवा हात सुरुवातीला अगदी साधा, लहान मुलाने गुणगुणावं तसा, आणि हळूहळू तो पार बाहेरचे, खटकणारे सूर घ्यायला लागतो, पक्ष्यांच्या किलबिलाटासारखे तुटक, आणि तरी शांतपणा मोडत नाही कारण खाली ते दोन कॉर्ड ठाम उभे आहेत. पुढच्या वर्षी ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू' मधल्या 'फ्लॅमेंको स्केचेस'ची सुरुवात त्याच झुल्यावरून झाली. तुझ्यासाठी यात मोठी सोय अशी की आपल्याला ठेका आणि सूर धरून त्यावर हिंडणं नवीन नाही, बडा ख्यालवाले तेच करतात, फक्त ते आता तुझ्याच डाव्या हाताने करायचंय.

दुसरं उदाहरण सगळ्यांना माहीत असलेलं, पियानिस्ट कीथ जॅरेटची २४ जानेवारी १९७५ ची जर्मनीतल्या कोलोनची मैफल. ऑपेरा हाउसमधे भलताच पियानो आणून ठेवलेला, लहान, वरचे सूर पत्र्यासारखे, खर्ज कमजोर, पेडल धड नाही. रात्री साडेअकराची मैफल, आयोजक पोरगी अठरा वर्षांची, तिने गळ घातली म्हणून तो वाजवायला बसला. आता ही गोष्ट लोक "अडचणीत संधी" वगैरे छापाची सांगतात, ते सोड. वाजवणाऱ्याने त्यातून काय घ्यायचं ते बघ: वरचा पट्टा खराब म्हणून तो मधल्या भागात राहिला, खर्ज भरत नाही म्हणून डाव्या हाताने एकच आकृती पुन्हा पुन्हा घोळवली, पहिल्या भागात किती तरी वेळ तो ए मायनर आणि जी एवढ्यावरच फिरतोय. म्हणजे जे आपण शैली म्हणून ऐकतो त्यातलं बरंचसं त्या पियानोने त्याच्याकडून करून घेतलंय. ईसीएम या रेकॉर्ड कंपनीने ती रेकॉर्ड काढली आणि सोलो पियानोच्या सगळ्यात जास्त खपलेल्या रेकॉर्डमधे ती जाऊन बसली.

एक गोष्ट मात्र ठासून सांगतो. शांत म्हणजे गुळमुळीत नाही. हल्ली अभ्यासासाठी, झोपेसाठी म्हणून जे पियानो-पियानो वाजत असतं, दोन मेजर कॉर्ड आणि वर भरपूर रिव्हर्ब, त्याला मी जॅझ म्हणत नाही, वाईट आहे असंही नाही, पण त्यात प्रश्नच विचारलेला नसतो. इव्हान्सच्या उजव्या हातात जो तणाव आहे तो काढून टाक, मग बघ काय उरतं. म्हणून जॅझचा भाग टाळता येणार नाही भो. सेव्हन्थ, नाइन्थ, सस्पेंडेड कॉर्ड, चौथ्या-चौथ्या सुरांवर रचलेले कॉर्ड, टू-फाइव्ह-वन हा जॅझमधला नेहमीचा कॉर्डचा क्रम सगळ्या बारा पट्ट्यांत, हे करावंच लागतं. पेटीवर तू पट्टी बदलून गाण्याला साथ केलेली असणार, म्हणजे काळी चार आली की घाबरत नसशील, तो तुझा फायदा.

आता वर्ल्ड म्युझिक, इथंच सगळे घसरतात. "आफ्रिकन" म्हणजे जेम्बेचा सॅम्पल, "आर्मेनियन" म्हणजे दुदुकचा टोन, "ट्रायबल" म्हणजे कीबोर्डातला तो एक फुसफुसणारा बासरीचा पॅच. हे चिकटवणं झालं, मिसळणं नाही. स्केल पाठ केली तरी भागत नाही, आणि हे तुला मी आपल्याच उदाहरणाने पटवतो. इथिओपियात तिझिता म्हणून एक स्वरचौकट आहे, तिचा मेजर प्रकार सा रे ग प ध. म्हणजे आपला भूप! आणि भूपाचेच सूर देशकारात. तर मग भूप, देशकार आणि तिझिता एकच का? पेटीवर मध्यमा झालेला माणूस लगेच सांगेल, नाही, भूपात गंधार बोलतो, देशकारात धैवत, चलन वेगळं, ठहराव वेगळे. तेच इथिओपियाचं. एमाहॉय त्सेगे-मरियम गेब्रू ही इथिओपियन जोगीण, २०२३ मधे नव्व्याण्णवाव्या वर्षी गेली, तिचा सोलो पियानो ऐक. पाच सुरांत फिरते पण ती ओळ ज्या तऱ्हेने अडखळते, मागं रेलते, दागिना घेते, त्यात तिचा देश आहे. एकही "इथिओपियन टोन" नाही त्यात, साधा पियानो.

अब्दुल्ला इब्राहिम पण तसाच, केपटाउनचा, चर्चच्या भजनांत वाढलेला, त्याचं 'आफ्रिकन पियानो' १९६९ मधे कोपनहेगनला वाजवलेलं आहे, त्यात डावा हात ड्रमचं काम करतो आणि उजवा प्रार्थनेचं. तिग्रान हमास्यान आर्मेनियाचा, १९८७ चा जन्म, त्याचं 'अ फेबल' हे २०११ चं सोलो काम घे: लोकगीतांच्या चाली, पण त्या त्याने डाव्या हाताच्या विषम मात्रांत रुजवल्यात. तिघांत सामाईक काय? गाव त्यांच्या टोनमधे नाही, हाताच्या वळणात आहे.

मग खान्देशी काय घालायचं? माझं मत असं की बँडवरची धूम गाणी यासाठी घेऊ नको, ती तशीच भारी आहेत, त्यांना संथ करून पियानोवर घातलं की टवाळी केल्यासारखं होतं. तू जात्यावरच्या ओव्या घे, श्रावणातल्या कानबाईच्या गाण्यांच्या चाली घे. घरात आजी असेल, मावशी असेल, त्यांच्याकडून ऐक. या चालींचा पसारा चार-पाच सुरांचाच असतो, आणि संथ पियानोला ते फार मानवतं कारण सूर कमी म्हणजे विझायला जागा जास्त.

करून बघायचं असेल तर असं. सा पांढरी एक धर. डावा हात: खर्ज सा, प, वरचा सा, एवढंच, पण तालात मोजून नाही. जातं ओढताना जोर लागतो आणि पुढं ढकलताना ते थोडं आपसूक फिरतं, तर तसाच, खर्जावर वजन आणि वर जाताना हलकं, प्रत्येक फेरा किंचित कमीजास्त. पेडल प्रत्येक खर्जाबरोबर बदल, त्याच्या आधी नाही. आता ओवी आधी तोंडाने म्हण, वाजवू नको, आणि बघ की ओळ संपताना शेवटचं अक्षर म्हणणारी बाई कशी लांबवते आणि मग श्वास घेते. तो श्वास तुझ्या वाजवण्यात आलाच पाहिजे, तिथं उजवा हात गप्प, डावा फेरा फिरतोय. बहुतेक कीबोर्डवाले नेमकी तीच जागा फिलर मारून बुजवतात, सवय असते ना, ऑर्केस्ट्रात गायक थांबला की आपण सुरू.

मींडेचं काय, तर पियानोवर मींड नाहीच, पण दोन युक्त्या आहेत. एक, कोमल गंधाराच्या काळ्या कीवरून तेच बोट शुद्ध गंधारावर घसरव, कानाला सूर ओढल्यासारखा वाटतो. दुसरी जॅझ पियानिस्ट थेलोनियस मंकची, रे आणि ग दोन्ही एकदम दाबायचे आणि लगेच रे सोडून द्यायचा, ग उरतो, आणि ऐकणाऱ्याला वाटतं सूर वळला. दोन्ही जपून वापर, प्रत्येक ओळीत केलंस की खेळणं होतं.

आणि हो, गावात कानबाईच्या रात्री फोन धरून रेकॉर्डिंग करायचं आणि ते सॅम्पल कापून ट्रॅकमधे टाकायचं, हे विचारल्याशिवाय करू नको. तो देवीचा कार्यक्रम आहे, त्या बायकांचे आवाज आहेत. विचारलंस तर त्या नाही म्हणत नाहीत, उलट अजून दहा गाणी म्हणून दाखवतील, आणि काढशील तेव्हा त्यांचं नाव घालायचं की नाही तेही त्यांनाच विचार. सातपुड्यातल्या होळीच्या ढोलाचं, पावरी या फुंकवाद्याचं पण तेच.

आधारस्वराचा मुद्दा थोडा किचकट आहे पण पेटीवाल्याला कळेल. तू पियानोखाली तंबोरा लावणार, अॅपमधला का होईना, सगळेच लावतात. लावलास की डाव्या हातात गंधार घालू नको. कारण बघ: पियानो समान अंतराच्या सप्तकात जुळवलेला, त्याचा शुद्ध गंधार सा पासून ४०० सेंटवर (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग), आणि तंबोऱ्याच्या खर्जातून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो तो ३८६ सेंटवर. खर्ज ६५.४ हर्ट्झचा धरला तर त्याचा पाचवा अंशस्वर ३२७ हर्ट्झला येतो, पियानोचा तोच गंधार ३२९.६ ला. म्हणजे सेकंदाला अडीचच्या वर हेलकावे. गजबजलेल्या गाण्यात ते कुणाला कळत पण नाहीत, पण इथं एकच सूर आठ सेकंद उघडा पडलेला असतो तेव्हा ते डास कानाशी घोंघावल्यागत छळतात. पंचमाला त्रास नाही, ७०० आणि ७०२, कोण बघतंय. म्हणून डाव्यात सा-प, सा-म, चौथे-पाचवे सूर मोकळे ठेव आणि गंधार उजव्याने, थोडक्यात, घेऊन सोडून दे. आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत पेटी बंदच ठेवली होती त्यात हेही एक भांडण होतं, ठरलेल्या सुरांचं वाद्य आपल्या गाण्याला चालतं का. पेटीवाल्यांनी ते भांडण पचवलंय, पियानोवाल्यांना त्यातून सूट नाही. अमेरिकन संगीतकार टेरी रायली, जो पंडित प्राणनाथांकडे शिकला, त्याने सरळ पियानोच वेगळा जुळवून घेतला, 'द हार्प ऑफ न्यू अल्बियन' १९८६ चं, ऐकून बघ, पहिले पाच मिनिटं बेसूर वाटेल आणि नंतर आपलाच पियानो बेसूर वाटायला लागेल. सॉफ्टवेअरमधे पियानोटेकच्या वरच्या आवृत्तीत सूर असे हवे तसे जुळवता येतात. पण ते नंतर.

इलेक्ट्रॉनिक्स आता. हॅरॉल्ड बड आणि ब्रायन ईनोची १९८० ची 'द प्लेटो ऑफ मिरर' ही रेकॉर्ड आहे, त्यात ईनोने पियानोच्या आवाजावर आधी प्रक्रिया लावून ठेवायची आणि बडने तो बदललेला आवाज ऐकत वाजवायचं, असं काम चाललं. हा फरक समजून घे. आपण काय करतो, आधी वाजवून रेकॉर्ड करतो आणि मग रात्री बसून इफेक्ट टाकत बसतो. तसं केलं की हाताला कळतच नाही की सूर आता लांब राहणार आहे, हात नेहमीएवढेच सूर वाजवतो आणि वर रिव्हर्ब ओतला की खिचडी. इफेक्ट चालू ठेवूनच रियाज कर. दोन टेपरेकॉर्डर जोडून रायली साठच्या दशकात हेच करायचा, आत्ता वाजवलेलं थोड्या वेळाने परत येतंय आणि त्याच्याशी बोलायचंय.

एक ठोस प्रयोग देतो. रूपक घे, सात मात्रा, तीन-दोन-दोन, समेवरच खाली, टाळ्या चौथ्या आणि सहाव्या मात्रेवर. लय ९० ठेव, म्हणजे एक मात्रा साधारण ६६७ मिलिसेकंद आणि तीन मात्रा बरोबर दोन सेकंद. डिले दोन सेकंदांचा लाव, फीडबॅक, म्हणजे पडसादाचा पडसाद, तीसेक टक्के, आवाज मूळ पियानोच्या बराच खाली. आता समेवर एक सूर वाजव. त्याचा पडसाद चौथ्या मात्रेवर पडतो, म्हणजे नेमका पहिल्या टाळीवर! त्याचा पुढचा सातव्यावर, अगदी पुसट. म्हणजे टाळी तू द्यायचीच नाही, यंत्र देतंय, तू फक्त खाली दाखवायची. हे जमलं की चौथ्या मात्रेवर मुद्दाम एक दुसरा सूर ठेव, पडसादाशी जुळणारा नाहीतर भिडणारा. मी हे विद्यार्थ्यांकडून करून घेतो तेव्हा पहिल्यांदा सगळे जास्त वाजवतात आणि मग हळूहळू हात कमी होतो, कारण जागाच उरत नाही. डिलेची वेळ लयीपासून जराशी ढळली तर वेगळीच मजा येते, पण आधी जुळवून शीक.

रिव्हर्बचं थोडक्यात: पियानोवर थेट लावू नको, वेगळ्या सेंडवर, म्हणजे आवाजाच्या बाजूच्या वाटेवर, ठेव आणि त्या सेंडवर साधारण २०० ते २५० हर्ट्झच्या खालचं कापून टाक, नाहीतर डाव्या हाताचा सगळा चिखल होतो. प्रीडिले ३०-४० मिलिसेकंद, म्हणजे हातोडीचा घाव स्वच्छ ऐकू येतो आणि घुमणं नंतर येतं. वलहाला सुपरमॅसिव्ह हे प्लगइन फुकट आहे आणि बरीच वर्षं पुरेल. पॅड, स्ट्रिंग्स वगैरे खाली पसरून ठेवायची जी आपली ऑर्केस्ट्रातली खोड आहे ती मोड. पॅड विझत नाही ना, तो पियानोच्या विझण्यावर पांघरूण घालतो, मग ज्यासाठी एवढं सगळं चाललंय तेच झाकलं.

रेकॉर्ड केलेले आसपासचे आवाज घालायचे असतील तर यॉन बाल्केचं 'वॉर्प' ऐक, नॉर्वेचा आहे, २०१६ चं ईसीएम, पियानोच्या कडेकडेने बाहेरचे आवाज इतके बारीक बसवलेत की कुठं पियानो संपतो कळत नाही. त्याच देशाचा बुगे वेसेलटॉफ्ट जरा जास्त खेळकर. आपल्याकडं आवाजांना तोटा आहे का, भुसावळ यार्डातले डबे जोडतानाचे दणके, कापसाच्या जिनिंगचा एकसुरी घरघराट, रावेर-सावद्याकडे वाऱ्यावर केळीची फाटकी पानं वाजतात ती. पण एका तुकड्यात एकच आवाज घे, आणि तो तुझ्या पट्टीशी जुळतो का ते आधी कानाने शोध. जिनिंगच्या घरघराटात एक सूर असतो, तो सापडला की तोच तुझा सा. यंत्राला पट्टीत ओढण्यापेक्षा आपण यंत्राच्या पट्टीत जाणं सोपं.

सामानाचं. खरा पियानो घ्यायचा विचार आत्ता सोडून दे. दोनशेच्या वर तारा, सगळ्यांचा मिळून ताण कित्येक टन, आणि आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५ च्या पुढं आणि मग पावसाळ्यात एकदम दमट, लाकूड आकसतं, फुगतं, जुळवणी ढळते, आणि जुळवणारा मुंबई-पुण्याहून बोलवायचा. ८८ वजनदार कींचा डिजिटल घे, रोलंड एफपी-१० किंवा यामाहा पी-४५ या वर्गातला, जुना चांगला मिळाला तर उत्तमच. स्पीकरचा आवाज कसा आहे ते बघत बसू नको, की कशी आहे ते बघ. आणि त्याच्याबरोबर जे चपटं खोकं पेडल म्हणून देतात ते बहुतेक वेळा फक्त चालू-बंद करतं. अर्धपेडल घेणारं वेगळं पेडल घे, वाद्य ते ओळखतं का हे मॅन्युअलमधे बघून. अर्धपेडल म्हणजे डॅम्पर तारांना जेमतेम टेकलेले, जुना सूर पूर्ण मरत नाही, धुकट होतो. हे संगीत निम्मं त्या अर्ध्या इंचात आहे.

लॅपटॉपवर बफर (आवाज एका वेळी किती नमुन्यांच्या तुकड्यात जातो ते) १२८ ठेवता आला तर ४८ किलोहर्ट्झला पावणेतीन मिलिसेकंदांचा उशीर होतो, २५६ ला सव्वापाच, वर इंटरफेसचा उशीर वेगळा. दहा-बाराच्या पुढं गेलं की स्पर्शाचा हिशोबच चुकतो. घरात अर्थिंग धड नसेल तर ५० हर्ट्झची घरघर येणार, आणि ती बरोबर खर्जातल्या पांढरी पाचच्या किंचित वर बसते, म्हणजे त्या पट्टीत वाजवलंस तर वैताग. आधी इलेक्ट्रिशियन बोलव, प्लगइन नंतर. चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड केलं तरी बऱ्याचदा निम्मा त्रास जातो.

आवाज कुठला? मऊ, फेल्टवाला (म्हणजे मधे जाड लोकरी कापड घातलेला) पियानो शोध. जर्मन पियानिस्ट निल्स फ्राम रात्री वाजवायचा, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून तारा आणि हातोड्यांमधे फेल्ट घातलं आणि माइक अगदी आत खुपसले, त्यातून २०११ ची 'फेल्ट' झाली, हातोड्यांचा खटखटाट, लाकडाचं कुरकुरणं सगळं ऐकू येतं त्यात. तसले सॅम्पल आता फुकट पण मिळतात. फक्त त्याचा कंटाळा येण्याआधी स्वच्छ पियानोवर परत ये, फेल्टवर सगळंच सुंदर वाटतं आणि हात आळशी होतो.

हे वाजवायचं कुठं, असं तू विचारलं नाहीस पण विचारशील. आपल्याकडं तिकीट काढून हे ऐकायला गर्दी येणार नाही, उगाच आशा नको. लघुपट, माहितीपट, नाटकाचं पार्श्वसंगीत, हे गिऱ्हाईक आहे, आणि लग्नाचा सीझन आहेच की पोटाला, त्यात कमीपणा काही नाही, उलट बँडमधे राहिलास तर ठेका हातात राहतो. घरी पंधरा-वीस जण बोलावून, लाईट-पंखे बंद करून वाजव, पण एप्रिल-मे सोडून बोलाव बाप्पा.

मॉनिटर की हेडफोन? हेडफोन. पंख्याच्या आवाजात स्पीकरवर सुराचं शेपूट ऐकूच येत नाही. उघड्या पाठीचा, साध्यातला चालेल, महागाच्या मागं लागू नको, आणि उरलेल्या पैशात ते पेडल.